आयईएलटीएसच्या आलेखांनी शिकवलेली 'डिग्री'

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या कोणालाही 'चेंज द डिग्री', म्हणजे वाक्यातल्या तुलनेचे रूप बदला, हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र' हे वाक्य दिले, की 'हायर दॅन एनी अदर पीक' आणि 'नो अदर पीक इज अ‍ॅज हाय अ‍ॅज' ही दोन्ही रूपे आमचा वर्ग पाढ्यासारखी म्हणून दाखवी. दुसऱ्या क्रमांकाच्या साल्हेरसाठी 'वन ऑफ द', 'मोस्ट अदर' आणि 'व्हेरी फ्यू' असा वेगळा साचा होता. हे सगळे पाठ असूनही परदेशी विद्यापीठात अर्ज करण्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सुरू केली, तेव्हा तुलनेची भाषा मला जवळजवळ नव्याने शिकावी लागली.

या परीक्षेच्या अ‍ॅकॅडमिक प्रकारात लेखनाच्या पहिल्या टास्कमध्ये बहुधा एखादा आलेख किंवा तक्ता देऊन निदान १५० शब्दांत त्याचे वर्णन मागतात, आणि त्यासाठी साधारण २० मिनिटे द्यावीत असे सुचवलेले असते. आलेखाचे वर्णन म्हणजे मुख्यतः तुलनाच. शाळेतल्या प्रश्नात वाक्य तयार मिळते आणि फक्त रूप बदलायचे असते. इथे मात्र कशाची तुलना कशाशी करायची आणि फरक किती ठळक दाखवायचा, हे आकडे पाहून आपणच ठरवायचे असते.

सरावासाठी मी ओळखीच्या उंच्या घेतल्या: कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७ मीटर, पुणे शहर सुमारे ५६० मीटर. कळसूबाई साल्हेरहून ७९ मीटरच उंच असल्याने तिथे नुसते 'हायर' पुरेसे नव्हते, 'स्लाइटली हायर' हवे होते. पुण्याशी तुलना करताना 'मच हायर', किंवा त्याहून नेमके म्हणजे 'ऑलमोस्ट थ्री टाइम्स अ‍ॅज हाय अ‍ॅज पुणे'. या जागी 'व्हेरी हायर' चालत नाही. मराठीत 'खूप उंच' आणि 'त्याच्यापेक्षा खूप उंच' या दोन्हींत 'खूप' बिनतक्रार बसतो, म्हणून आपल्या लेखनात हा 'व्हेरी' हमखास डोकावतो.

'मोअर हायर' या चुकीचे मूळही इथेच आहे. मराठीत 'उंच', 'पेक्षा उंच' आणि 'सर्वांत उंच' यांत विशेषण जागचे हलत नाही. तुलनेचा सारा भार बाहेरचा शब्द वाहतो. इंग्रजीत छोट्या शब्दांना 'ईआर' आणि 'ईएसटी' चिकटतात, लांब शब्दांआधी 'मोअर' आणि 'मोस्ट' येतात, पण दोन्ही एकदम येत नाहीत. संस्कृतातून आलेल्या ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ या शब्दांतला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'ईएसटी' मुळात एकाच कुळातले आहेत. तरीही आपण 'सर्वश्रेष्ठ' बिनदिक्कत लिहितो, तेव्हा 'मोस्ट बेस्ट' म्हणणाऱ्याला फार हसू नये असे माझे मत आहे.

माझा सर्वाधिक वेळ मात्र 'दॅन'च्या पलीकडच्या बाजूने घेतला. 'पुण्याची लोकसंख्या नागपूरपेक्षा जास्त आहे' हे मराठी वाक्य पूर्णपणे स्वाभाविक आहे, कारण ऐकणारा 'नागपूरच्या लोकसंख्येपेक्षा' असे मनातच पूर्ण करतो. इंग्रजीत लिहिताना मात्र 'द पॉप्युलेशन ऑफ पुणे इज लार्जर दॅन दॅट ऑफ नागपूर' असेच लिहावे. 'दॅट ऑफ' गाळले, तर लोकसंख्येची तुलना थेट शहराशी होते. 'एनी अदर'मधला 'अदर' शाळेत आम्ही निमूटपणे घालत असू. तो नसेल तर कळसूबाई स्वतःपेक्षाही उंच ठरते, हा त्यामागचा तर्क मला या तयारीत उमगला. त्यानंतर 'दॅन' लिहिला, की त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची वस्तू आहे ना, हे पाहूनच पुढे जायचे, अशी सवय लावून घेतली.

क्रियाविशेषणांनी तुलनेने कमी त्रास दिला. 'अधिक वेगाने' आणि 'मोअर रॅपिडली' यांची ठेवण सारखीच असल्याने 'एलवाय'ने संपणारे बहुतेक शब्द सहज बसले. 'फास्ट', 'हार्ड', 'लेट' आणि 'अर्ली' हे शब्द मात्र 'ईआर' घेतात. शिवाय 'हार्ड'ला 'एलवाय' जोडून 'हार्डली' केले, की अर्थच 'जेमतेम' असा होतो. आलेखाची रेषा चढताना 'रोज मोअर शार्पली' आणि उतरताना 'फेल फास्टर' असे दोन्ही घाट हाताशी असले, की परिच्छेद एकसुरी होत नाही.

लेखनातली ही तयारी तोंडी परीक्षेतही उपयोगी पडली, कारण तिच्या तिसऱ्या भागात पूर्वीची आणि आताची परिस्थिती ताडून पाहायला लावणारे प्रश्न अनेकदा येतात. 'पूर्वीपेक्षा प्रवास सोपा झाला आहे' हे मनात येताच 'ट्रॅव्हल इज इझियर दॅन इट यूज्ड टू बी' असे पूर्ण वाक्य तोंडून निघाले. तिथे विचार करत बसायला सवड नसते. हवा होता तो बँड, म्हणजे या परीक्षेतला गुणांक, मिळाला आणि अर्ज वेळेत गेला.