वाटी कोणाची

दुपारी भांडी लावताना एक स्टीलची वाटी हाताला लागली, आमची नाही. बुडाला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय पण घासून घासून निम्मं गेलंय, 'सप्रेम' तेवढं वाचता येतं. कुठल्या वास्तुशांतीला आमची गेली आणि ही आली, देव जाणे.

लहानपणी भांड्यांच्या दुकानात नाव घालणाऱ्या माणसासमोरून मी हलायचोच नाही. मशीन कर्रर्र करतंय, तो ओठ आवळून बसलाय आणि तांब्या मांडीत आपोआप फिरल्यासारखा फिरतोय. आजीच्या यच्चयावत भांड्यांवर आजोबांचं नाव. आजोबांनी जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नाही, पण चहाच्या पातेल्यावरसुद्धा तेच.

दुसऱ्या महायुद्धातल्या फायटर पायलटांचं बरोब्बर उलटं. विमान सरकारचं, जीव यांचा आणि नाव बायकोचं नाहीतर मैत्रिणीचं. चक येगरच्या मस्टँगवर 'ग्लॅमरस ग्लेन', म्हणजे ग्लेनिस, पुढे बायको झाली ती. (जर्मनांच्या गॅलंडनं तर विमानावर मिकी माऊस काढून घेतला होता, तोही सिगार ओढणारा, आता काय बोलणार.) पण माझा आवडता रिचर्ड बाँग. 40 जपानी विमानं पाडली यानं, अमेरिकेत त्याच्या वर कोणी नाही. आणि याला नुसतं नाव पुरेना म्हणून गड्यानं मार्जचा फोटो चांगला मोठा करून पी-38 च्या नाकाडावर चिकटवला, शेजारी ऐसपैस अक्षरात 'मार्ज', आणि लग्न अजून व्हायचंच होतं! आमची मजल कंपासपेटीच्या आतल्या बाजूला, कर्कटकाच्या टोकानं, फक्त पहिलं अक्षर. तेही आई बघेल म्हणून नंतर खोडलं.

पण विमान म्हणजे तरी काय, पंगतीतल्या भांड्यासारखंच, ज्याच्या हाताला लागेल त्याचं. मार्च 1944 मध्ये दुसराच एक पायलट 'मार्ज' घेऊन गेला, न्यू गिनीवर असताना विमान बिघडलं, त्यानं पॅराशूटनं उडी मारली म्हणून तो वाचला, मार्ज गेली जंगलात. 2024 मध्ये तिचे अवशेष सापडले तेव्हा ओळख पटली ती नंबरावरून. फोटोबिटो कुठला राहतोय इतकी वर्षं.

बाँगचं आणि मार्जचं लग्न झालं फेब्रुवारी 1945 मध्ये. लढाईवरून त्याला तोपर्यंत परत बोलावलं होतं, एवढा मोठा हिरो हातचा जायला नको म्हणून. तो गेला कॅलिफोर्नियात, नवीन जेटची चाचणी घेताना, लग्नाला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. तारीख 6 ऑगस्ट.

त्याच तारखेला हिरोशिमावर जे विमान गेलं, त्याच्यावरही नाव होतं. पायलट टिबेट्सनं आदल्या दिवशीच रंगवून घेतलेलं, एनोला गे. त्याच्या आईचं.