छपरावरून जाणारे बलून

अमेरिकेतल्या आल्बुकर्की शहरातली ऑक्टोबरातली सकाळ. आजही माणसं घेऊन उडणारे गरम हवेचे बलून घरांच्या छपरांवरून सरकत गेले आणि गल्लीतली झाडून सगळी कुत्री भुंकत सुटली. इतके खाली का येतात? बलूनला सुकाणू नसतं. इथे थंड सकाळी जमिनीलगतचा वारा बरेचदा दक्षिणेकडे वाहतो आणि वरचा उत्तरेकडे. यालाच इथे ‘बॉक्स’ म्हणतात. दिशा बदलायची तर उंची बदलायची, पायलटच्या हाती एवढंच. वस्तीवर सर्वांत उंच अडथळ्याच्या 1000 फूट वर राहायचा नियम आहे, पण उड्डाण आणि उतरणं त्यातून वगळलंय. त्यामुळे छपरालगतचा बलून बहुधा शाळेचं मैदान नाहीतर मोकळा प्लॉट शोधत असतो.

बर्नर, म्हणजे आतली हवा तापवणारी गॅसची ज्योत, दिल्यावर बलून लगेच उठत नाही, काही सेकंद जातात. घात होतो तो इथेच, विजेच्या तारांपाशी. जून 2021 मध्ये याच शहरात तारांना धडकून पाचजण गेले. तार चुकवता येणार नसेल तर माथ्याची झडप उघडून झपाट्याने खाली यायचं. तार कापडाला लागलेली परवडते, टोपलीला किंवा तिच्या स्टीलच्या दोरांना नाही.

अंगणात उतरलाच तर सिगारेट विझवा. तारेला टेकलेल्या बलूनचा लोंबता दोर मात्र अजिबात धरू नका.