आजीची दोन नावं आणि पेन्शनचे नऊ महिने

"ही बाई तीच, हे कशावरून?" आजीची थांबलेली पेन्शन सुरू करायला गेलो, तेव्हा खिडकीतल्या माणसाने हे मला विचारलं. आजी माझ्या शेजारीच उभी होती, तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. या गोष्टीला वर्ष होऊन गेलं तरी ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही, कारण काम शेवटी झालंय आणि आजीला आता भांडण नकोय. पण आपल्या सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी असलेली गावं आहेत. एकट्या अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले. पुढच्या लढायांमधल्या वीरपत्नी अजून कितीतरी घरांत आहेत. त्यांच्या नातवंडांपैकी कुणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून हे लिहिते.

आजोबा जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते. १९७१ च्या डिसेंबरात ही पलटण पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होती. १० तारखेच्या रात्री तिथल्या बलुच पलटणीने वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला, आणि ज्या रस्त्याने ते निघाले तो रस्ता अडवून आपले मराठे बसले होते. आजोबा त्या रात्री गेले. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. आमच्या गावात चावडीपुढे रेडिओ ऐकून पेढे वाटले, आजीनेही खाल्ला. तार त्यानंतर आली. आजी तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि माझे वडील आठ महिन्यांचे. अंत्यसंस्कार तिकडेच झाले. घरी आली ती त्यांची काळी पत्र्याची पेटी.

त्या पेन्शनवर आणि कोरेगाव तालुक्यातल्या घेवड्याच्या तुकडाभर रानावर आजीने वडिलांना शिकवलं. पन्नास वर्षं पेन्शन बिनबोभाट आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये हयातीचा दाखला काढायला आम्ही गावातल्या केंद्रात गेलो. खुरपं धरून बोटं इतकी झिजलेली की ठसा उठेना. (अशा वेळी चेहऱ्यावरून दाखला निघतो, हे आधीच सांगून ठेवते, उगाच दहा वेळा अंगठा दाबत बसू नका.) चेहऱ्यावरून दाखला निघाला, पण आठ दिवसांनी नामंजूर झाल्याचा मेसेज आला. पीपीओवरचं, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं होतं. मग पेन्शन थांबली.

पीपीओवर आजीचं माहेरचं नाव आहे. आधार, रेशनकार्ड, मतदार यादी सगळीकडे सासरचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने जे लिहिलं गेलं, ते. आपल्याकडे यात नवल काहीच नाही. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांची नावं अशीच बदलली. पण संगणकाला त्या दोन वेगळ्या बायका दिसतात, आणि खिडकीतल्या माणसालाही तशाच दिसल्या.

पहिल्या खेपेला त्याने प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. तहसीलमधून ते करून नेलं. तीन आठवड्यांनी गेलो तर म्हणाला, एवढ्याने भागत नाही, राजपत्रात नाव छापून आणा. मी ऑनलाइन अर्ज करून, पैसे भरून तेही केलं. त्यात महिना गेला. राजपत्राची प्रत पुढे ठेवली तेव्हा तो तारखेवर बोट ठेवून म्हणाला, "यांनी नाव आत्ता बदललं असं यात दिसतंय. मग इतकी वर्षं ह्या नावाने पेन्शन कोण घेत होतं?" त्या घटकेला माझ्या पायांतलं बळ गेलं. आम्ही खरं सांगायला आणलेला कागद आजीलाच खोटं ठरवत होता. म्हणून कळकळीने सांगते: तुमच्या घरातली बाई आज नाव बदलत नसेल, लग्नातच बदललेलं असेल, तर राजपत्राच्या वाटेला आधी जाऊ नका. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत आणि कधीपासून आहेत, हे दाखवणारा जुना कागद आधी शोधा.

मग त्याने लग्नाचा दाखला मागितला. १९६९ चं लग्न, घरच्या अंगणात झालेलं. नोंदणी कुणी केली नव्हती, पत्रिकाही छापली नव्हती. पोलीस पाटलांचं पत्र नेलं, सरपंचांचं नेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या जुन्या जनरल रजिस्टरमधून आजीच्या दुसरीपर्यंतच्या शिक्षणाचा उतारा काढला. त्यात माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव होतं. तो म्हणाला, ही मुलगी म्हणजे ही आजी हे यात कुठे लिहिलंय? एकदा साहेब रजेवर होते. एकदा आमचा अर्जच सापडेना. तो आम्ही दिलाच नव्हता असं ऐकून घ्यावं लागलं, कारण आमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मी घेतलेला नव्हता. ही माझी चूक. कागद कुठेही द्या, आपल्या झेरॉक्सवर शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणि प्रत्येक खेपेला आजीला न्यावं लागे, कारण "पेन्शनर स्वतः पाहिजे." सकाळची एसटी, सातारा स्टँडवरून रिक्षा, मग दोन-दोन तास. बाहेर बाकडं नव्हतं. ती पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसायची. मी चिडून बोलायला लागले की माझा हात दाबायची. एकदाच म्हणाली, "त्येनी तिकडं जीव दिला, आन् मी हितं मीच हाय म्हणून सांगत बसलीया." त्या रात्री मला झोप लागली नाही.

वाट दाखवली ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांनी. खरं तर पहिल्या दिवशीच तिथे जायला हवं होतं, मी पाचव्या महिन्यात गेले. त्यांनी आजीला आधी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, आजोबांचा आर्मी नंबर आठवतो का?" आजीला तारीख सांगता येत नाही, मोबाईलवर नंबर लावता येत नाही. पण सत्तावीसने सुरू होणारे ते सात आकडे तिने न अडखळता सांगितले. त्यांनी लिहून घेतले आणि म्हणाले, "बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसात १९७२ मधले पेन्शनचे कागद असतील. त्यात पेन्शन घेणाऱ्याच्या ओळखखुणा लिहिलेल्या असतात. ते बघा." त्यांनी पत्रही दिलं.

बेळगावची खेप सोपी गेली. फाटकावर ओळखपत्र लागतं, दोघींचं मूळ आधार जवळ ठेवा. एका सुभेदार साहेबांनी फाइल बघून आम्हाला किंड्रेड रोल, म्हणजे जवानाच्या नातेवाइकांची नोंद असलेला कागद, वाचून दाखवला. पत्नीच्या नावापुढे माहेरचं नाव, खाली माझ्या पणजोबांचं नाव, गाव. हे नाव आजोबांनीच सांगून लिहवलेलं. आजी त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी, लहानपणापासून त्याच नावाने ओळखीची. "सासरच्या नावानं त्येनी कवा हाकच मारली न्हाई," आजी म्हणाली. तिने तो कागद जवळ घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. सुभेदार साहेबांनीही मागितला नाही.

त्याच फाइलीत पेन्शनचा जुना फॉर्म होता. डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि ओळखखुणेच्या रकान्यात: डाव्या हातावर, मनगटाच्या वर, तुळशीवृंदावनाचं गोंदण. त्याची साक्षांकित प्रत मिळाली.

ती घेऊन पुन्हा त्या खिडकीशी गेलो. त्याने कागद वाचला आणि "हात दाखवायला सांगा" म्हणाला. मला ते सहन होत नव्हतं. माझ्या आजीने असा हात का दाखवायचा? पण तिने बांगड्या वर सारल्या आणि हात खिडकीच्या आत धरला. हिरवं गोंदण आता निळसर पडलंय, सुरकुत्यांमुळे वृंदावन एका बाजूला कललंय, पण चौथरा आणि वरची तुळस स्पष्ट दिसते. "आठ वर्साची हुते तवा गोंदलं, म्हायारी," ती म्हणाली. त्याने प्रतीवर काहीतरी लिहिलं, सही केली. या वेळी मी शिक्का मागून घेतला.

पुढचं भराभर झालं. प्रयागराजच्या संरक्षण खात्याच्या पेन्शन कार्यालयातून दुरुस्त पीपीओ निघाला, त्यावर दोन्ही नावं मध्ये 'ऊर्फ' घालून आली. ऑगस्ट २०२४ मध्ये थकलेली सगळी रक्कम एकदम जमा झाली.

एक राहिलं. घरात आर्मी नंबर, पीपीओ नंबर आणि आधार यांच्या प्रती एका पिशवीत वेगळ्या ठेवा, आणि मूळ कागद कुठल्याही खिडकीवर सोडून येऊ नका. आमचा नवा पीपीओ आजीने काळ्या पेटीत, आजोबांच्या लोकरी स्वेटरच्या घडीत ठेवलाय.

पुढच्या नोव्हेंबरात मी घरीच मोबाईलवर दाखला काढला. चेहरा दिसू दे म्हटल्यावर आजीने चष्मा काढला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोबाईलकडे बघत ताठ बसली.