फिनिश शिकताना मराठी कामी येते

फिनिशमध्ये 15 विभक्ती आहेत म्हटल्यावर बरेच जण तिथेच थांबतात. मराठी माणसाने थांबू नये. 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' घरात, 'तालोस्ता' घरातून. प्रत्यय आपल्यासारखाच शब्दाला चिकटतो. लिंगाची भानगडच नाही.

जपायचं ते ह्रस्व-दीर्घ. 'तुलि' आग, 'तूलि' वारा, 'तुल्लि' जकात. कॉलेज रोडवरून स्कूटरने घरी येताना मी हेच मोठ्याने घोकते. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत फिनलंडच्या 'युले' वाहिनीच्या सोप्या फिनिशमधल्या बातम्या लावते. निवेदक सावकाश बोलतात आणि जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, त्यामुळे नवा शब्द कुठे सुरू झाला ते पटकन कळतं. सगळ्या विभक्ती एकदम पाठ करू नका. आधी स्थळाच्या सहा घ्या. मी सध्या त्यातच रमलेय.