तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीनसपुढे चिंध्यांचा ढीग कशाला?

मी चित्रकला शिकवतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी मोबाइल पुढे करतं. त्यावर एखादा ग्रीक पुतळा असतो; त्याच्या खांद्यावर निळा काचेचा गोळा, नाहीतर पुढ्यात जुन्या कपड्यांचा ढीग. पाठोपाठ प्रश्न: "सर, मुळात इतकं सुंदर असताना ही नासधूस कशाला? स्वतःचं काही सुचत नाही का यांना?"

नासधूस करायला मूळ हाताशी तर हवं! आमच्या कॉलेजात प्लास्टरची एक व्हीनस, म्हणजे प्रेमाच्या देवतेची मूर्ती, होती. खरी पॅरिसला लूव्र संग्रहालयात, 1820 साली ग्रीसच्या मिलोस बेटावर सापडलेली. आमची कुठल्यातरी साच्याच्या साच्यातून निघालेली, नाकाचा टवका उडालेली. मुंबईच्या जे. जे. स्कूलपासून आपल्याकडच्या कित्येक पिढ्या अशा पांढऱ्या प्लास्टरवरूनच छायाप्रकाश शिकल्या. पावसाळ्यात आम्ही तिच्यावर ओले रेनकोट टाकायचो. एकदा सरांनी ते पाहिलं आणि अख्खा वर्ग बाहेर काढला.

पुढे बऱ्याच वर्षांनी मिकेलांजेलो पिस्टोलेटो या इटालियन कलाकाराच्या 'चिंध्यांची व्हीनस'चा फोटो पाहिला तेव्हा आधी ते रेनकोटच आठवले. काम 1967 सालचं. व्हीनस आपल्याकडे पाठ करून, तोंड चिंध्यांच्या ढिगाकडे करून उभी. चिंध्या त्याच्याच स्टुडिओतल्या. आरशासारख्या चकचकीत पत्र्यांवर तो चित्रं करायचा, ते पुसायच्या. आणि व्हीनस? बागेत मांडायला विकतात तसली, सिमेंटची. तिचा मूळ नमुनासुद्धा ग्रीक नव्हे. डेन्मार्कच्या थोरवाल्डसेननं एकोणिसाव्या शतकात ग्रीक धाटणीवर घडवलेला. म्हणजे नकलेची नक्कल, तीही सिमेंटमध्ये! तरी ती पाहून 'अरेरे, एवढ्या सुंदर मूर्तीचं काय केलं' असं आपल्याला वाटतं. पिस्टोलेटोनं नेमका तोच 'अरेरे' वापरलाय.

आणि ज्या पांढरेपणाला आपण भुलतो, तो तरी ग्रीकांचा कुठे? त्यांचे पुतळे रंगवलेले असायचे. रंग काळाच्या ओघात उडाला, उरलासुरला नंतरच्या लोकांनी घासून काढला. 2003 मध्ये म्युनिकच्या संग्रहालयात विन्झेन्झ ब्रिंकमन या अभ्यासकानं दगडावरच्या रंगाच्या खुणा शोधून रंगीत प्रतिकृती मांडल्या. त्यातल्या इजायना या ग्रीक बेटावरच्या धनुर्धाऱ्याची तुमान बघा, लाल-निळ्या-पिवळ्या नक्षीनं भरलेली. अनेकांना ते भडक वाटतं. आपल्याला का वाटावं, हे मात्र मला कळत नाही. आपला मारुती शेंदराशिवाय आणि गणपती रंगाशिवाय कधी होता? प्राक्सितेलीस या मोठ्या ग्रीक शिल्पकाराला कुणीतरी विचारलं, तुझी कुठली शिल्पं तुला जास्त आवडतात? तो म्हणाला, निकियासचा हात फिरलाय ती. निकियास चित्रकार होता. प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलेली ही गोष्ट पेणच्या एखाद्या मूर्तिकाराला सांगितली, तर त्याला नवल वाटणार नाही. डोळ्यांच्या आखणीला कुणाचा हात लागतो त्यावर मूर्ती ठरते, हे त्याला ठाऊक असतं.

'सुचत नाही का' याचं उत्तर द्यायला मी मार्क क्विन या ब्रिटिश कलाकाराचं काम दाखवतो. ब्रिटिश म्युझियममध्ये तुटक्या संगमरवरी मूर्तींपुढे माना डोलावणारे लोक पाहून त्याच्या मनात आलं, असंच शरीर जिवंत माणसाचं असेल तर हे लोक काय करतील? ॲलिसन लॅपर ही चित्रकार जन्मतः बिनहाताची, आखूड पायांची. आठ महिन्यांची गरोदर असताना क्विननं तिच्या शरीराचे साचे घेतले. इटलीतल्या करारा गावच्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरातलं 3.55 मीटर उंच शिल्प 2005 मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उभं राहिलं आणि गदारोळ झाला. मिलोस बेटावरची ती व्हीनसही बिनहाताचीच, तिला आपण सौंदर्याचा आदर्श म्हणतो. त्याच चौकात उंच खांबावर उभ्या नेल्सन या ब्रिटिश नौसेनापतीला एकच हात आहे, त्यावर कधी कुणाची तक्रार नाही. ही मूर्ती सुंदर आहे की नाही यावर मी पोरांशी वाद घालत नाही. फोटो दाखवतो आणि नजर कुठे अडखळते ते त्यांचं त्यांना बघू देतो.

सगळंच मला पटतं असं नाही. सुरुवातीला सांगितलेला तो निळा गोळा जेफ कून्स या अमेरिकन कलाकाराचा. त्यात आपलं प्रतिबिंब दिसतं हे खरं, पण दुसऱ्या-तिसऱ्या पुतळ्यानंतर मला फक्त गोळाच दिसायला लागतो. चीनच्या शू झेन या कलाकारानं डोकं नसलेल्या ग्रीक मूर्तींच्या मानेवर डोकं नसलेल्या बौद्ध मूर्ती उलट्या बसवल्या, मान मानेला जोडून. ते मात्र पाहताना हसूही येतं आणि पोटात कालवतंही.

2023 च्या जुलैमध्ये इटलीतल्या नेपल्सच्या चौकात उभी केलेली चिंध्यांची व्हीनस कुणीतरी जाळली. त्या आठवड्यात मला फोन आले, "सर, ती व्हीनस जळाली म्हणे!" पुढच्याच वर्षी त्या जागी नवी उभी राहिली. तिचा फोन कुणी केला नाही.