एक खोकं, दोन बाण

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

संध्याकाळी ताईचा फोन. "तुझा भाचा दुपारपासून त्या लॅपटॉपला चिकटलाय, जेवलासुद्धा नाही. येऊन बघ जरा." स्वारी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सोमवारी सी प्लस प्लसची जर्नल तपासून घ्यायची.

प्रोग्रॅम चार ओळींचा. विद्यार्थ्याचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा. त्यात नावासाठी कॅरेक्टर पॉइंटर, म्हणजे नाव मेमरीत कुठे आहे तो पत्ता. ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कन्स्ट्रक्टरमध्ये जागा मागणारा न्यू, तो संपताना चालणाऱ्या डिस्ट्रक्टरमध्ये ती परत करणारा डिलीट. माहिती छापणाऱ्या फंक्शनला ऑब्जेक्ट पाठवायच्या आधी नाव नीट छापलं जात होतं. नंतर छापलं की कचरा, आणि शेवटी 'डबल फ्री डिटेक्टेड', म्हणजे एकच जागा दोनदा परत केली, म्हणून प्रोग्रॅम मान टाकायचा.

"सोडवलंय मामा, चालतोय आता." पठ्ठ्यानं डिलीटची ओळच कॉमेंट करून टाकली होती.

रागवायला तोंड नव्हतं. पहिल्या नोकरीत मीही हेच केलं होतं, आणि मग परत न केलेली मेमरी साचून आमचा सर्व्हर दर दोन दिवसांनी रीस्टार्ट करावा लागायचा.

जर्नलच्या मागच्या पानावर चित्र काढलं. एक खोकं, त्यात नाव. मूळ ऑब्जेक्टचा बाण, म्हणजे पॉइंटर, त्या खोक्याकडे. फंक्शनला ऑब्जेक्ट नुसता दिला की त्याची नक्कल होते, पण नक्कल होते ती बाणाची. खोकं एकच राहतं. फंक्शन संपलं की नकलेचा डिस्ट्रक्टर ते खोकं परत करून मोकळा. मेन संपताना मूळ ऑब्जेक्ट तेच खोकं पुन्हा परत करायला जातो. फंक्शनच्या कंसात एक अँपरसँड (&, म्हणजे नक्कल नको, मूळच दे) टाकला असता तर आजचं भागलं असतं, पण मग एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला असाइन करताना तेच रडगाणं. म्हणून नकलेला स्वतःचं वेगळं खोकं देणारे कॉपी कन्स्ट्रक्टर आणि असाइनमेंट ऑपरेटर, दोन्ही लिहून घेतले. डिस्ट्रक्टर स्वतः लिहावा लागला की ही जोडगोळीही सहसा लागतेच. खरं तर स्वतःची जागा स्वतः सांभाळणारी तयार स्ट्रिंग वापरली असती तर यातलं काहीच लागलं नसतं, पण जर्नलमध्ये पॉइंटरच हवा, असा हुकूम.

खात्री करावी म्हणून मेमरीतल्या चुका पकडणारं अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून कंपाइल केलं, तर ते भलत्याच ओळीवर अडलं. आम्ही डिस्ट्रक्टरभोवती घुटमळत होतो आणि बोट होतं कन्स्ट्रक्टरमधल्या स्ट्रिंग कॉपीवर. जागा मागताना नावाची लांबीच मागितली होती, नाव संपल्याची खूण म्हणून लागणाऱ्या शेवटच्या शून्यासाठीचा अधिक एक राहिला होता. मग ही चूक इतका वेळ लपली कशी? नेहमीच्या चौसष्ट बिटी लिनक्सवर पाच बाइट मागितले तरी पदरात निदान 24 पडतात. शून्य त्या ऐसपैस जागेत खपून जायचं. नाव बरोबर 24 इंग्रजी अक्षरांचं आलं असतं, तर पंचविसावा बाइट थेट मेमरी वाटणाऱ्याच्या हिशेबाच्या वहीत.

ताईनं ताट आणून ठेवलं. हा अजून बोटं मोजत होता: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मधल्या स्पेससकट.

"तेवीस," म्हणाला, आणि भाकरी मोडायला घेतली.