खांद्याच्या ऑपरेशननंतर नको तिथे वाढणारं हाड

खांद्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, हात थोडा वर जाऊ लागला आणि महिन्याभरात पुन्हा अडकला, तर खानापूर-निपाणीकडे घरचे लगेच सुचवतात: तेल कोमट करून चोळा, नाहीतर हाडवैद्याकडून ओढून घ्या. कृपा करून तसं करू नका. आधी एक्स-रे काढा.

इजा झालेल्या जागी दुरुस्तीला जमलेल्या पेशी कधीकधी स्नायूंच्या मध्येच हाड बनवू लागतात. याला हेटेरोटॉपिक ऑसिफिकेशन म्हणतात. सांधा बदलल्यावर किंवा प्लेट-स्क्रू बसवल्यावर ते दिसतं. बहुतेकदा किरकोळ असतं, त्रासही देत नाही. महामार्गावरच्या अपघातात खांद्यासोबत डोक्याला किंवा मज्जारज्जूलाही मार बसला असेल, तर मात्र धोका बराच वाढतो. जोरात चोळल्याने, ओढल्याने नवी इजा होते आणि सूज वाढते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे कोराच येतो. साधारण तीन ते सहा आठवड्यांत सांध्याजवळ पुसट ढगासारखी सावली दिसते, पुढे तिची कड स्पष्ट होते. म्हणून पहिली फिल्म चांगली आली तरी हालचाल घटत असेल तर पुन्हा काढा. ऑपरेशन मिरजेला किंवा कोल्हापूरला आणि व्यायाम गावात, अशी विभागणी असेल तर जुन्या सगळ्या फिल्म जवळ ठेवा. तुलनेशिवाय नवी सावली ओळखणं अवघड जातं. ताप, लाली किंवा जखमेतून पाणी येत असेल तर जंतुसंसर्ग आधी तपासायलाच हवा.

तपासणाऱ्याच्या हाताला फरक कळतो. नुसत्या आखडलेल्या खांद्यात शेवटी चामडं ताणल्यासारखा अडसर लागतो. असं हाड वाढलं असेल तर हात एकदम कठीण जागी थांबतो. तिथे रेटायचं नाही. दुखणार नाही इतपत, आधार देऊन हालचाल रोज करायची. हात गळ्यात बांधून महिनोन्महिने ठेवणंही तितकंच वाईट.

धोका जास्त असेल तर सर्जन इंडोमेथासिन ही सूज उतरवणारी गोळी देतात, बहुधा 25 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, काही आठवडे. अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. शिवलेला स्नायुबंध किंवा मोडलेलं हाड जुळायलाही या गोळ्या अडथळा आणू शकतात, म्हणून दुकानातून स्वतः आणून घेऊ नका. दुसरा उपाय किरणोपचाराचा: 7 ते 8 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), एकदाच, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा नंतर 72 तासांच्या आत.

हाड काढायचंच झालं तर ते पक्व होईपर्यंत, सहसा सहा महिने तरी, थांबतात. बगलेतली नस (मज्जातंतू) जवळ असते, ती जपावी लागते. आणि काढल्यावर हाड पुन्हा वाढू नये म्हणून गोळ्या किंवा किरणोपचार लगेच ठरवतात.